टॅनिंग चालतं का?

४ एप्रिल, दुपार

ठिपके,

काल तुझा मेसेज आला. सहा वर्षांनी आला आणि एका ओळीचा आला. 'आई, प्रेग्नन्सीत टॅनिंग चालतं का? बाळाला काही होत नाही ना? खरं काय ते सांगा.' मी गॅलरीत चादरी वाळत घालत होते. चष्मा आत राहिला होता, म्हणून आधी वाटलं फोन कंपनीचाच असेल. मग चष्मा आणून वाचला आणि बादलीतल्या चादरी तशाच ठेवून खाली बसले.

म्हणजे तू गरोदर आहेस. मला हे असं कळायचं होतं. कितवा महिना, अन्न पोटात राहतं का, पाय सुजतात का, काही नाही. एकदम पिंजऱ्यात उभं करून विचारल्यासारखा प्रश्न. आणि 'सांगा' काय गं? मला अहोजाहो कधीपासून करायला लागलीस? बोलायला लागल्यापासून 'ए आई' म्हणत आलीस. रागानं करतेस, कळतं मला. कर. मी तरी सहा वर्षांत कुठे फोन उचलून 'अगं' म्हणाले.

उत्तर फोनवरच देणार होते. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. माझ्या अंगठ्याखाली एकदम दोन-दोन अक्षरं येतात, आणि हे उत्तर एका ओळीत बसणारं नाही. म्हणून कागद घेतला. तुझा पत्ता कात्रीबाईच्या मुलीनं दिला. कात्रीबाई आठवते ना, माझ्याबरोबर कातड्याच्या कडा कापायची ती? तिची मुलगी तुझ्याशी अजून बोलते, हे मला काल कळलं. कात्रीबाईनं इतकी वर्षं मला पत्ता लागू दिला नाही, मैत्रीण कसली, खटनट आहे.

तू स्वतः टॅनिंग करणं शक्य नाही. तुला चामड्याच्या पट्ट्याचासुद्धा वास सोसत नाही. म्हणजे प्रश्न माझ्याबद्दलचा आहे. तुझ्या डॉक्टरनं विचारलं असणार, तुमचा जन्म वेळेवर झाला का, लहानपणी दम का लागायचा, आई काय काम करायची. हा प्रश्न कधीतरी येणार हे मला ठाऊक होतं. इतकी वर्षं मूग गिळून बसले. आता विचारलंच आहेस, तर ताकाला जाऊन भांडं लपवत नाही.

हो. तू पोटात असताना मी टॅनिंग खात्यात काम केलं. पहिल्या दिवसापासून तू बाहेर यायला निघालीस त्या दिवसापर्यंत.

तू टॅनरीच्या फाटकाच्या आत एकदाच आलीस, सातवीत, माझा विसरलेला डबा द्यायला. नाक धरून उभी राहिलीस आणि डबा जमिनीवर ठेवून पळालीस. म्हणून नीट सांगते. मिठात घातलेली कातडी यायची. ती भिजवायची, चुन्याच्या हौदात टाकायची, केस निघायचे. मग ती आमच्याकडे. आमच्या खात्यात आठ लाकडी ढोल होते, एकेक आपल्या स्वयंपाकघराएवढा, आडवे टाकलेले, दिवसभर गरगर फिरणारे. आत क्रोमचं पाणी आणि कातडी. दुसऱ्या दिवशी झडप उघडली की कातडी धबाधबा बाहेर, मोरचुदासारखी निळी. आम्ही त्याला निळा माल म्हणायचो. ढोल तुझे बाबा चालवायचे आणि झडप मी उघडायचे. आमचं तिथेच जमलं. बाबा म्हणायचे, आपण कातडं कमावतो, पगार कमावतो, आणि तुझे दंड बघ, अंगसुद्धा कमावतो. एका शब्दात तीन कामं, आणि मुकादम म्हणतो आपण कामचुकार.

काय दिवस होते गं ते. जेवणाच्या सुट्टीत ढोल थांबले की कानाला दडे बसल्यासारखं व्हायचं. आम्ही सहाजणी मागच्या ओट्यावर ओळीनं बसायचो, बूट काढून, पाय उन्हात. सगळ्यांची नखं निळी. कात्रीबाई म्हणायची, बाहेरच्या बायका बाटल्या आणून नखं रंगवतात, आपल्याला फुकटात. हसून हसून घास अडकायचा.

बाबांचं माहीतच आहे तुला. त्या वर्षी त्यांचा पाय ढोलाच्या पट्ट्यात सापडला आणि ते घरी बसले. मी तेव्हा कायम नव्हते. नियम असा होता की वर्षभर सलग हजेरी लागली की कायम करायचे, मध्ये खाडा झाला की पाटी कोरी. तुझी चाहूल लागली तेव्हा माझ्या हजेरीचे सहा महिने भरले होते. गरोदर बाईला ओल्या खात्यात ठेवत नसत, सरळ घरी पाठवत. मुकादमाला कळलं असतं तर संपलंच. म्हणून मी झाकून ठेवलं. रबरी ॲप्रन एवढा मोठा असायचा की त्यात दोघी मावल्या असत्या, आणि मावलोही. कात्रीबाई मागून नाडी बांधायची, दर महिन्याला एक वेढा कमी.

वर्ष भरायला नऊ दिवस राहिले होते तेव्हा ढोल क्रमांक तीनपाशी माझं पाणी गेलं. आठवा नुकता लागला होता. तू दीड किलोचीसुद्धा नव्हतीस. बाबांनी काचेच्या पेटीत पाहिलं आणि म्हणाले, ही मुलगी कुठे, हा तर ठिपका. तिथून तू ठिपकी झालीस.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, काम काय करता. मी म्हटलं शिवणकाम. त्यांनी माझा हात उलटा केला. नखं निळी कशानं? मी म्हटलं कापडाचा रंग जातो. त्यांनी लिहून घेतलं. तुझ्या कागदांवर अजून तेच असेल, आई शिवणकाम करते. पुढे तुला दम लागायला लागला तेव्हाही प्रत्येक डॉक्टरला मी शिवणकामच सांगितलं. एकदा खोटं बोललं की ते सांभाळावं लागतं. तुला मात्र सांगत राहिले की दमा बाबांच्या घराण्यातला आहे. त्या बिचाऱ्या घराण्यात कुणाला साधा खोकलासुद्धा नव्हता.

त्यामुळेच झालं का, हे मला माहीत नाही. कात्रीबाईची दोन मुलं अशीच लपवून त्याच खात्यात काम करताना झाली आणि दोन्ही धट्टीकट्टी आहेत. पण डॉक्टरला कळलं असतं तर कदाचित काही वेगळं केलं असतं. मी त्यांना ती संधीच दिली नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, नाही चालत. मी चालवून घेतलं, कारण दुसरा इलाज नव्हता. घरात मोडक्या पायाचा माणूस आणि पोटात तू. माझ्या जागी दुसरी कुणी असती तरी तिनं हेच केलं असतं. हे पटलं नाही तर तसं कळव. पटलं तरी कळव.

आई


७ एप्रिल, सकाळी

ठिपके,

आधीचं पत्र हातात असेल आणि उघडलं नसशील, तर उघडू नकोस. उघडलं असशील तर तिथेच थांब. फाडलंस तरी चालेल.

आज सकाळी तुझा दुसरा मेसेज आला. 'सॉरी, मागचा मेसेज चुकून तुला आला. आईंना करायचा होता. इग्नोर कर.' यात मला 'तुला' म्हणालीस. म्हणजे ते 'सांगा' माझ्यासाठी नव्हतंच. मी वेडी, रागाचं समजत होते. सासूला विचारलं होतंस तू. त्या नर्स आहेत असं कात्रीबाई म्हणते. असतील. पण टॅनिंगचं त्यांना काय कळणार? ढोलाची झडप कुठल्या बाजूला उघडते ते तरी ठाऊक आहे का त्यांना?

मेसेज वाचला आणि चपला घालून पोस्टात गेले. खिडकीवरच्या बाईंना म्हटलं, परवा टाकलेलं पत्र परत हवंय. त्या म्हणाल्या, पेटीत पडलं की ते तुमचं राहत नाही. मग कुणाचं असतं? म्हणाल्या, पोचेपर्यंत आमचं, पोचल्यावर त्यांचं. मी म्हटलं, मी लिहिलंय, माझ्या अक्षरात आहे. त्या म्हणाल्या, काकू, राग आला होता का लिहिताना? रागाची पत्रं परत मागायला बरेच येतात. मी म्हटलं, रागाचं नाही हो, उत्तराचं होतं, फक्त प्रश्न मला विचारलेला नव्हता. त्यांनी खिडकी जराशी लावून घेतली.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. सहा वर्षं ज्या मेसेजची वाट पाहिली तो आला, तोही दुसऱ्या बाईचा. मी त्यावर पोटातलं सगळं ओकून मोकळी झाले. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही तर अत्तराचंही बोलून टाकते.

तुझ्या लग्नाच्या आठवडाभर आधी तू बाटली पाठवलीस. सोबत चिठ्ठी, 'आई, त्या दिवशी हे लावून ये, प्लीज.' बाटली चांगली होती, हे मी तेव्हाही कबूल केलं असतं. पण मी ती परत पाठवली आणि लिहिलं, ज्या वासावर तू शिकलीस त्या वासासकट बोलावणार असशील तरच येते. तुझं उत्तर आलं नाही. तू उत्तर दिलं नाहीस म्हणून मी आले नाही, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे तू उत्तर दिलं असतंस तरी मी आले नसते. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, अशी जात माझी. लग्नाच्या दिवशी कामावर गेले. तोवर मी पारखीण झाले होते, कमावलेल्या कातड्याला हात लावून नंबर द्यायचा, पहिला, दुसरा, तिसरा, बाद. त्या दिवशी म्हशीच्या सोळा कातड्यांना मी चुकीचा नंबर दिला. सगळा माल परत आला. नव्या मुकादमानं मला कॅबिनमध्ये बोलावलं आणि चहा दिला.

टॅनरी बंद होऊन दोन वर्षं झाली. ढोल विकले, त्यांच्या फळ्यांची म्हणे कुणीतरी टेबलं केली. तो वास माझ्या अंगाला आता येत नाही. मी काही केलं नाही, आपोआप गेला. जुना ॲप्रन कपाटात ठेवला आहे, कधी काढून हुंगते. कात्रीबाईला सांगितलं तर म्हणाली, तूसुद्धा? माझ्याकडे बूट आहेत.

बाळाचं ऐकून आनंद झाला, हे पहिल्या पत्रात लिहायचं राहिलं. सांभाळून राहा. सासूबाईंना विचार, त्या सांगतील.

आई


१९ एप्रिल

ए आई,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. तुझं फाडायला सांगणारं पत्र मी आधी उघडलं, त्यामुळे दुसरं उघडणं भागच होतं. तुला माणसं कळत नाहीत, कातडीच कळतात.

आधी एक सांगते, म्हणजे तू हसशील. मी विचारलेलं टॅनिंग वेगळं आहे. कातड्याचं नाही, माणसांचं. मी गेलं वर्षभर एका दुकानात काम करते. तिथे काचेच्या नळ्यांची पेटी असते, आत माणूस झोपतो, झाकण लावतात, दहा-बारा मिनिटं दिवे लागतात आणि अंग तपकिरी होतं. उन्हात लोळल्यावर होतं तसं, फक्त ऊन नाही. परदेशी गिऱ्हाईकं त्यासाठी रांगा लावतात. त्यालाही टॅनिंगच म्हणतात. तुझं पत्र वाचताना पहिली दोन पानं मला कळेचना की तू ढोलाबद्दल का बोलतेस.

आमच्या मालकीणबाईंचा नियम आहे की काउंटरवरच्या मुली तपकिरी दिसल्या पाहिजेत. 'तुम्ही दुकानाचा नमुना आहात' असं म्हणतात. त्यामुळे पंधरा दिवसांतून एकदा आम्हालाही पेटीत झोपावं लागतं. मला दिवस गेलेत हे कळायच्या आधी मी चारदा झोपले होते आणि कळल्यावर एकदा. त्या एकदाच्या दिवशी आत इतकं गरम झालं की मी मधेच झाकण उघडून बाहेर आले, दुकानाच्या बाथरूममध्ये गेले आणि तिथून सासूबाईंना मेसेज केला. फोनमध्ये 'आई' टाइप केलं की आधी तू येतेस. त्या 'आई, त्याची' म्हणून आहेत. तू अजून नुसती 'आई' आहेस. सहा वर्षांत मी ते बदललं नाही, पुसलंही नाही. का, ते विचारू नकोस.

त्यांनी दुसऱ्या दिवशी मला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाल्या, ते किरण बाळापर्यंत पोचतात असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण सुरुवातीच्या महिन्यांत आईचं अंग फार तापणं चांगलं नाही, अशा किरणांनी रक्तातलं फोलिक ॲसिड कमी होतं की काय अशीही शंका आहे, चेहऱ्यावर वांग येतात ते वेगळंच, आणि ती पेटी एरवीही कातडीच्या भल्याची नाही. तेव्हा बाळ होईपर्यंत आणि नंतरही लांब राहा. झालं त्याची काळजी करत बसू नका. सोनोग्राफीत सगळं ठीक आहे. चौदावा आठवडा.

आता तुझं. मी पहिलं पत्र तीनदा वाचलं. दुकानात सांगितलं नव्हतं मीही. जूनमध्ये मला कायम करणार आहेत, तोपर्यंत कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा पेटीत झोपण्यासाठी नावसुद्धा लावलं होतं, डॉक्टरांनी सांगूनही. म्हटलं सहाच मिनिटं झोपू, कुणाला कळणार. तुझं ॲप्रनचं वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, आता फोनवर बस, जूनचं जूनमध्ये बघू. बहुतेक नाही करणार कायम. नवरा म्हणतो जाऊ दे. मला रडू आलं, पण रात्री झोप लागली.

अत्तराचं मी तुला कधी सांगितलं नाही. मला तुझी लाज वाटत नव्हती असं मी म्हणणार नाही. वाटत होती. शाळेत मला काय काय म्हणायचे ते तुला सांगून काय उपयोग होता. पण तू लग्नाला आली नाहीस, आणि मी दारात उभी राहून कोणीही आत आलं की आधी श्वास घेऊन बघत होते. त्यानंतर मला तुझा राग आला, लाज गेली.

दम्याबद्दल मला राग आलेला नाही, आश्चर्य म्हणजे. तुला पर्याय नव्हता. माझ्याकडे नवरा आहे, सासूबाई आहेत, तरी मी नाव लावून आले. तुझ्याकडे तर मोडक्या पायाचे बाबा होते. मी असते तरी तेच केलं असतं. ते तू लिहिलंयस आणि ते मला पटलं.

ऑक्टोबरमध्ये तारीख आहे. ये. सासूबाईंनाही मी सांगितलं, त्या म्हणाल्या, अवश्य बोलव, मलाही एकटीला जमणार नाही. सप्टेंबरच्या शेवटी ये आणि बाळ दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत राहा.

एकच कळलं नाही. वर्ष भरायला नऊ दिवस राहिले होते म्हणतेस. मग तू कायम कशी झालीस?

ठिपकी


२७ एप्रिल, दुपार

ठिपके,

तुझं पत्र कात्रीबाईला वाचून दाखवलं, पेटीपर्यंतचं. ती म्हणाली, माणसं स्वतः होऊन ढोलात जातात आणि वर रांग लावतात? आम्हाला कुणी सांगितलं असतं तर जनावरांचा धंदा सोडून तोच केला असता. दोघी खूप हसलो. तिनं विचारलं, कुठल्या नंबरचा माल निघतो? मी म्हटलं, आपल्या हिशोबानं सगळाच बाद, नुसता वरून भाजलेला, आत कच्चा. पुढचं पत्र मी तिला वाचून दाखवलं नाही.

तू मालकीणबाईंना सांगितलंस ते फार चांगलं केलंस. जूनमध्ये काय व्हायचं ते होऊ दे.

आता नऊ दिवस. लहानपणापासून तुझं हे असंच, सगळी गोष्ट ऐकून घ्यायची आणि शेवटी नेमका सुटलेला धागा ओढायचा. तुला पारखीण करायला हवं होतं.

ते नऊ दिवस मुकादमानं भरले. मी दवाखान्यात होते आणि वहीत माझी हजेरी लागत होती. कारण त्याला सगळं माहीत होतं. चौथ्या महिन्यापासून माहीत होतं. त्याला स्वतःला पाच मुलं होती, ॲप्रनला फसणारा नव्हता तो. एक दिवस त्यानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, ताई, उद्यापासून कोरड्या खात्यात बस. खिडकीजवळ टेबल आहे, तयार मालाला चिठ्ठ्या बांधायच्या. पगार तोच, हजेरी चालू राहील, साहेबांना मी बघून घेतो. पंखाही आहे.

मी नको म्हटलं.

पहिल्या पत्रात लिहिलं ना, दुसरा इलाज नव्हता. होता. पंख्याखाली होता. हे मी तुझ्या बाबांनासुद्धा सांगितलं नाही. त्यांना वाटायचं त्यांच्या पायामुळे मी राबले, आणि मरेपर्यंत ते मनाला लावून घेऊन होते. मी ते त्यांना लावून घेऊ दिलं. ते तुझ्या दम्यापेक्षाही मला जड जातं.

का नको म्हटलं ते सांगते. तेव्हा आमच्याकडे एक म्हातारे पारखी होते. निळा माल ढोलातून निघाला की ते ढिगापाशी उभे राहायचे आणि एकेक कातडं हातावरून सोडायचे. डोळे मिटून. इथे गोचीड चावली होती, इथे तारेनं ओरखडलं, ही शेळी आजारातून उठली होती, ही म्हैस चार वेळा व्याली. जनावर कसं जगलं ते सगळं त्यांच्या बोटांना कळायचं. सहा महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. पुरुषांपैकी कुणाला शिकायचं नव्हतं, वेळखाऊ काम. मी झडप उघडताना उगाच विचारत राहायचे, मग ते शिकवायला लागले. ओल्या मालावरच शिकता यायचं आणि ते शेवटचे सहा महिनेच होते. टेबलावर चिठ्ठ्या बांधत बसले असते तर तो माणूस निघून गेला असता आणि विद्याही.

आणि एवढंच नाही. आता सगळंच सांगते. मला तिथे आवडायचं गं. तुझ्या वेळी मला डोहाळे लागले ते खाण्याचे नाही, त्या वासाचे. सुट्टीच्या दिवशी मला घरी चैन पडायची नाही. सकाळी फाटकातून आत शिरलं की बरं वाटायचं. ढोल फिरताना ओटीपोटात घुमायचं आणि तू आतून लाथ मारायचीस, आणि मला वाटायचं हिलाही आवडतंय. मी हसायचे. त्या दिवसांइतकी सुखात मी पुढे कधी नव्हते, नंबर द्यायला लागले तेव्हासुद्धा नाही. इतक्या वर्षांनीही ते दिवस आठवले की आधी छान वाटतं आणि मग तुझी ती काचेची पेटी आठवते. दोन्ही एकाच वर्षातलं आहे, मला ते वेगळं काढता येत नाही.

तू लिहिलंस, पर्याय नव्हता म्हणून पटलं. मालकीणबाईंना जाऊन सांगितलंस तेही माझ्यासारखी लाचारी नको म्हणून. मी लाचार नव्हते. मी हौसेनं उभी होते. चुकीचं समजून तू योग्य केलंस, ते तसंच राहू दे. पण माझ्याबद्दल मात्र चुकीचं समजू नकोस. मी पुन्हा त्या जागी असते तर टेबलावर बसले असते का, असं मी रोज स्वतःला विचारते. डॉक्टरला खरं सांगितलं असतं, एवढं नक्की. बसले असते का ते अजून सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही हेच मला सगळ्यात वाईट वाटतं.

सप्टेंबरला ये म्हणालीस. ते वाचून मी कपाटावरची बॅग खाली काढली, पुसली, कुलूप चालतं का बघितलं. कात्रीबाईला सांगून टाकलं की तीन महिने घराकडे लक्ष ठेव. पण तू ये म्हणालीस ते बाबांच्या पायासाठी राबलेल्या आईला. ती मी नव्हे. हे पत्र वाच, हवं तर सासूबाईंनाही वाचून दाखव. मग वाटलं तर पुन्हा एकदा ये म्हण. तोवर मी तिकीट काढत नाही.

आई